कार्बन पकडला, तर ठेवायचा कुठे? गोव्यापुरतं बोलूया

मांडवीकाठ (धागाकर्ता)

२०२४ च्या फेब्रुवारीत बेतूलला ओएनजीसीच्या आवारात 'इंडिया एनर्जी वीक' भरला, तेव्हापासून आमच्याकडे 'कार्बन कॅप्चर' हे जो तो बोलू लागला आहे. डिप्लोमाच्या पोरांना प्रोजेक्ट त्यावर हवा असतो. गावच्या देवळात आरतीनंतरच्या गप्पांतही कोणीतरी म्हणतो, "धूर पकडून जमिनीत पुरतात म्हणे." मी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत युटिलिटीचं काम बघतो, म्हणजे बॉयलर, चिलर, कंप्रेसर. त्यामुळे विचारायला सगळे माझ्याकडे येतात. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहून ठेवतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पकडणं ही जुनी विद्या आहे, ती जमलेली आहे. घोडं अडतं ते पुढे. पकडलेला वायू जाणार कुठे, तिथे किती वर्षं राहणार, आणि या सगळ्याला लागणारी वाफ आणि वीज आणायची कुठून? स्टॉलवर कोणी चकचकीत मॉडेल दाखवलं की आधी हे विचारा. उत्तर देताना माणूस माहितीपत्रक चाळू लागला तर समजून जा.

खर्च ठरतो तो धुरात सीओटू किती दाट आहे त्यावर. कोळशाच्या वीज केंद्राच्या धुराड्यात तो साधारण १२ ते १५ टक्के असतो, गॅसवरच्या केंद्रात ४ टक्क्यांच्या आसपास, सिमेंटच्या भट्टीत २० ते ३०. मळी किंवा धान्य आंबवून अल्कोहोल काढतात तिथे जवळजवळ शुद्धच निघतो, फक्त ओला. आणि मोकळ्या हवेत ४२० पीपीएमच्या थोडा वर, म्हणजे हवेचे तेवीस-चोवीसशे रेणू चाळावे तेव्हा एक हाती लागणार.

विरळ धुरासाठी रुळलेली रीत अमाइन नावाच्या रसायनाची. धूर थंड करून उंच टॉवरमध्ये खालून सोडायचा, वरून मोनोइथॅनॉल अमाइनचं पाणी शिंपडायचं. ४० ते ६० अंशांना ते सीओटू धरतं. तेच द्रावण दुसऱ्या टॉवरमध्ये नेऊन वाफेने १२० अंशांपर्यंत तापवलं की सोडून देतं आणि पुन्हा पहिल्या टॉवरला जायला मोकळं होतं. याचं पेटंट १९३० सालचं आहे, त्यामुळे यात 'क्रांतिकारी' वगैरे काही नाही. गोम आहे ती वाफेत. साध्या अमाइनला एक टन सीओटू सोडवायला साडेतीन-चार गिगाज्यूल उष्णता लागते. ती वाफ टर्बाइनच्या तोंडचीच काढून घ्यावी लागते, वर दाबायला कंप्रेसर. केंद्राच्या विजेचा पाचवा हिस्सा ते जवळपास तिसरा हिस्सा तिथेच जिरतो. शिवाय धुरातल्या ऑक्सिजनने आणि गंधकाच्या वायूंनी अमाइन खराब होतं, पाइप खातं, ते वेगळंच.

ठेवायचा तर साधारण ८०० मीटरच्या खाली. ३१ अंश आणि ७४ बार दाबाच्या वर सीओटू ना धड वायू ना धड द्रव अशा अवस्थेत जातो आणि थोड्या जागेत भरपूर मावतो. नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू धंद्यावर कार्बन कर लावला. १९९६ पासून स्लाइपनर क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूतून काढलेला सीओटू समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात जाऊ लागला, वर्षाला दहा लाख टनांच्या घरात. तंत्र आधीही होतं. कर बसल्यावर कंपनीला ते सुचलं.

आता 'वापर'. सध्या मिथेनॉलचा बोलबाला आहे म्हणून त्याचाच हिशोब मांडतो. एक टन मिथेनॉलला १.३७५ टन सीओटू आणि १८८ किलो हायड्रोजन लागतो. पाण्यापासून विजेने एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट. म्हणजे नुसत्या हायड्रोजनलाच दहा हजार युनिटच्या आसपास वीज गेली. हाती आलेल्या टनभर मिथेनॉलमध्ये जळण्याची ऊर्जा किती? साडेपाच हजार युनिटएवढी. आणि जाळलं की सीओटू परत हवेत. जहाजासारख्या ठिकाणी, जिथे बॅटरी परवडत नाही, तिथे हे चालेल. पण याला 'कार्बन साठवला' म्हणू नये एवढीच विनंती.

गोव्यात कोळशाचं मोठं वीज केंद्र नाही, सिमेंटची भट्टी नाही. आपली बरीचशी वीज कोरबा आणि विंध्याचलच्या कोळशाच्या केंद्रांतून येते, म्हणजे आपल्या फ्रिजचा धूर तिकडच्या लोकांच्या डोक्यावर. विंध्याचलला एनटीपीसीने २०२२ मध्ये दिवसाला २० टन सीओटू पकडायचा संच सुरू केला. चांगलं आहे. पण ४७६० मेगावॉटचं ते केंद्र जोरात चालतं तेव्हा दिवसाला ऐंशी-नव्वद हजार टन सोडत असणार असा माझा हिशोब येतो.

मग आपल्याकडे काय आहे? दर्या, खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली शेतं), जांभा, खाणींचे डंप (टाकाऊ मातीचे ढीग), खताचा कारखाना, बिअरचे कारखाने. त्यातलं मला कळतं ते संपलं. जाणकारांनी भर घालावी.

---

सोडावॉटर

मांडवीकाठबाब, बरं केलंत. मी बिअरच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, कुठल्या ते विचारू नका. आमच्याकडे हे रोजचंच काम आहे.

टाकीत आंबायला लागलं की पहिला वायू हवेत मिसळून येतो, तो सोडून द्यायचा. शुद्धता ९९.५ च्या वर गेली की लाईन रिकव्हरीकडे वळवायची. आधी फेस अडवायचं भांडं, मग खोलीएवढा फुगा. हो, खराखुरा फुगा. तो भरला की कंप्रेसर चालू, बसला की बंद. मध्ये पाण्याने धुणं, वास काढायला कोळशाचा फिल्टर, ओल काढायला ड्रायर, आणि शेवटी उणे पंचवीसच्या आसपास थंड करून सोळा-अठरा बारच्या टाकीत द्रवरूपाने. तोच पुढे बाटलीत. एक किलो साखर आंबली की जवळजवळ अर्धा किलो सीओटू मिळतो. कारखाना नीट चालवला तर बाहेरून विकत घ्यावा लागत नाही. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर: आमचा सीओटू तुम्ही झाकण उघडेपर्यंत राहतो.

एक सांगून ठेवतो, कारण इथे पोरं वाचतात. हा वायू दिसत नाही, हवेपेक्षा दीडपट जड, तळघरात आणि खड्ड्यात साचतो. हवेत ४ टक्के झाला की जिवावर बेततं. आमच्याकडे सेलरमधला, म्हणजे टाक्यांच्या तळघरातला, सीओटू मोजायचा मीटर बरेच दिवस बंद होता, सांगूनही कोणी मनावर घेतलं नव्हतं. एक कंत्राटी मुलगा टाकीच्या मॅनहोलशी वाकला आणि तिथेच बसला. दोघांनी पट्ट्याला धरून ओढला म्हणून वाचला. मीटर दुसऱ्याच दिवशी आला.

---

खतवाले_काका

माझी उमेद खताच्या कारखान्यात गेली, आता घरी बसून धागे वाचतो. झुआरीनगरला १९७३ पासून युरिया होतो, त्यामुळे गोव्याला हा विषय नवा नाही.

अमोनियासाठी नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढताना सीओटू सोबत येतोच. तो अमोनियाच्या कॅटलिस्टला विष, म्हणून काढावाच लागतो. मग त्याच सीओटूची दाबाखाली अमोनियाशी गाठ घातली की युरिया. एक टन युरियात ७३३ किलो सीओटू बसतो. देशात वर्षाला तीन कोटी टनांच्या आसपास युरिया होतो, म्हणजे दोन कोटी टनांच्या वर सीओटू 'वापरला' जातो. सीओटूचा जगातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक युरियाच आहे, त्याखालोखाल तेलविहिरी.

गंमत पुढे आहे. नैसर्गिक वायूवर कारखाना चालवला की अमोनियाच्या मानाने सीओटू थोडा कमीच पडतो. म्हणून इफ्कोने आंवला आणि फुलपूरला २००६ मध्ये रिफॉर्मरच्या (वायूतून हायड्रोजन काढणाऱ्या भट्टीच्या) धुराड्यातून सीओटू पकडायचे संच बसवले, प्रत्येकी दिवसाला ४५० टनांचे. हवामानासाठी नव्हे हो, युरिया जास्त निघावा म्हणून. आज वीस टनांच्या संचाची फीत कापतात तेव्हा मला हे आठवतं.

आणि तो कार्बन राहतो किती? शेतात युरिया पडला की मातीतलं युरिएज नावाचं एन्झाइम काही दिवसांत तो फोडतं. अमोनिया भाताला, सीओटू वाऱ्याला.

---

अपर्णा_डिचोली

वाचनखूण साठवली. मी हायस्कूलात विज्ञान शिकवते. मुलं खाणपट्ट्यातली आहेत, घराच्या मागे डंप बघत मोठी झालेली. नववीतल्या एकाने विचारलं, "टीचर, सीओटूचा दगड होतो तर आमच्या डंपात का नाही घालत? डंप तसाही पडूनच आहे." मला नीट उत्तर देता आलं तर हवंय.

---

जांभादगड

अपर्णाबाय, पोरगं हुशार आहे. उत्तर मात्र 'नाही' असं आहे, आणि का नाही ते सांगण्यासारखं आहे.

सीओटूचा दगड व्हायचा म्हणजे त्याला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम भेटावं लागतं, तेही सहज सुटून येणारं. मग चुनखडीच्या जातीचं कार्बोनेट बनतं. आपल्या डंपात आहे काय? हेमॅटाइट आणि गोएथाइट ही लोहखनिजं, चिकणमाती, सिलिका. हे लोखंड आधीच पुरतं गंजून बसलेलं आहे, सीओटूशी त्याला देणंघेणं नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियम होतं ते लाखो वर्षांच्या पावसाने केव्हाच धुऊन नेलं. जांभा तयार होतो तो असाच. उलट भट्टीची स्लॅग (लोखंड वितळवताना उरणारा मळ) चालते, तिच्यात चुना असतो. पण तिला सिमेंटवाले आधीच उचलतात.

दगड होतो तो बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या खडकात. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये हेलिशेइदी इथल्या भूऔष्णिक केंद्रातला सीओटू पाण्यात विरघळवून ४०० ते ८०० मीटर खोल बेसॉल्टमध्ये सोडला. शेकडो वर्षं लागतील असा समज होता. २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या निकालाप्रमाणे दोन वर्षांच्या आत ९५ टक्के कार्बोनेट झालं. विहिरीतला पंप बंद पडला, वर काढून बघतात तर त्यावरही कार्बोनेट धरलेलं.

मुलांना नकाशा दाखवा. दख्खनचा बेसॉल्ट गोव्यात येतो तो फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात, सत्तरीच्या वरच्या अंगाला घाटमाथ्याकडे. बाकी आपला खडक धारवाडी, अतिप्राचीन. अनमोड घाटातला नाइस जातीचा खडक तर तीनशे कोटी वर्षांहून जुना आहे, येता-जाता लोक त्याला टेकून चहा पितात. या जुन्या खडकांतही मूळचा बेसॉल्ट आहे, पण तो दाबा-उष्णतेने पार बदललाय, भेगा बुजल्यात. त्यात काही मुरवणं कठीण.

---

पुणेरी_पाहुणा

म्हणजे गोव्याला जागा नाही, पण आमच्याकडे पाच लाख चौरस किलोमीटर बेसॉल्ट पडलाय, काही ठिकाणी दोन किलोमीटर जाड. सह्याद्रीत घाला की! इतकी सोपी गोष्ट कोणी करत का नाही?

अवांतर: मडगाव स्टेशनजवळ भाजीपाव चांगला कुठे मिळतो?

---

जांभादगड

पाहुणे, भाजीपावाचं स्वतंत्र धाग्यावर विचारा, इथे मारामारी होईल.

सह्याद्रीचं सोपं नाही. कार्बफिक्सच्या पद्धतीने एक टन सीओटूला २५ टनांच्या आसपास पाणी लागतं. वर्षाला दहा लाख टन सीओटू घालायचा म्हणजे अडीच कोटी टन पाणी, आमच्या साळावली धरणाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं. तेच पाणी फिरवून वापरता येतं हे खरं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात वाल्लुला इथे २०१३ मध्ये पाण्याशिवाय, नुसता दाबलेला सीओटू हजारेक टन बेसॉल्टमध्ये सोडला, तिथेही कार्बोनेट झालं. म्हणजे पाण्यावर तोड निघेल.

दुसरी अडचण दगडातच आहे. लाव्हाच्या प्रत्येक थराच्या माथ्यावर बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात, त्याच आपल्या कामाच्या. दख्खनमध्ये त्यांतल्या पुष्कळशा जिओलाइट आणि कॅल्साइटने भरून गेल्यात. संग्रहालयात काचेमागे ठेवलेले ते देखणे स्फटिक तिथे जागा अडवून बसलेत. ज्या थरांत फटी शिल्लक आहेत त्यांतूनच गावांच्या विहिरींना पाणी येतं.

आणि कोयना. तिथे शास्त्रीय संशोधनासाठी खोल भोकं पाडली, तेव्हा साधारण ९३० मीटर बेसॉल्ट संपून खाली ग्रॅनाइट लागला. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ६.३ चा. धरणाच्या पाण्याने तो उठवला हे आता सर्वमान्य आहे, आणि तिथली जमीन अजून अधूनमधून हलते. त्या पट्ट्यात कोणी दाबाने काही घालायचं म्हणाला तर मी तरी सही करणार नाही. दुसरीकडे कुठे, हे भोकं पाडल्याशिवाय कळणार नाही, आणि भोकं पाडायला पैसे लागतात.

---

टोलेबाज

डंपात जमत नाही, मग डंप दर्यात ओता. लोखंडाने शेवाळ वाढतं, शेवाळ सीओटू खातं, असं कुठेतरी वाचलं होतं. आमच्याकडे लोखंडाला काय तोटा!

---

दर्यावर्दी

टोलेबाज, तुम्ही थट्टेत म्हणालात, पण याचा खरा प्रयोग दोनापावलच्या संस्थेनेच केलाय. मी समुद्रविज्ञानातली, त्या मोहिमेवर नव्हते, पण आमच्या क्षेत्रात ती सगळ्यांना पाठ आहे.

लोहाफेक्स, २००९. आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था, जहाज 'पोलारस्टर्न', प्रमुख शास्त्रज्ञ वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक. जागा दक्षिण महासागर, अटलांटिकच्या बाजूचा. तिथल्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट पुष्कळ, पण लोह जवळजवळ नाही, म्हणून वनस्पतिप्लवक, म्हणजे तरंगतं सूक्ष्म शेवाळ, वाढत नाहीत. एका मोठ्या भोवऱ्याच्या पोटात ३०० चौरस किलोमीटरवर सहा टन विरघळलेलं लोह सोडलं. कल्पना अशी की शेवाळ वाढेल, मरेल, तळाला जाईल आणि कार्बन शेकडो वर्षं खाली राहील.

जहाज निघालं तोच जर्मनीत गदारोळ. पर्यावरण संघटनांनी हरकत घेतली, तिकडच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रयोग थांबवायला सांगितलं, पुन्हा तपासणी होऊन परवानगी मिळाली. माणसं दर्यात आणि फाइल बर्लिनमध्ये.

शेवाळ वाढलं खरं. पण त्या पाण्यात सिलिका संपत आलेली होती. ज्यांना काचेसारखं कवच असतं आणि जे जड होऊन बुडतात, ते डायटम त्यामुळे वाढलेच नाहीत. वाढली ती बारीक, मऊ जात. तिला कोपेपॉड या बारीक जीवांनी खाल्लं, कोपेपॉडना त्यांहून मोठ्या अँफिपॉडनी खाल्लं. कार्बन वरच्या पाण्यातच फिरत राहिला, खाली फारच थोडा गेला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. लोखंड ओतून कार्बन क्रेडिट (कार्बन साठवल्याची विकाऊ प्रमाणपत्रं) विकायची दुकानं तेव्हा निघायच्या बेतात होती, त्यांची हवा यानेही थोडी गेली.

तुमच्या डंपाबद्दल: खनिजाची माती पाण्यात विरघळत नाही, गाळ होऊन बसते. शिवाय आपल्या किनाऱ्याचं दुखणं वेगळं आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर खालचं ऑक्सिजन नसलेलं पाणी आपल्या किनाऱ्यालगत वर सरकतं. तिथे आणखी शेवाळ कुजवणं म्हणजे मासळीच्या मुळावर येणं.

---

टोलेबाज

दंडवत बाय. डंप जागच्या जागी ठेवतो.

---

वास्को_७७

सगळं वाचलं. माझ्या घराच्या खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की बंदरात उतरणाऱ्या कोळशाने काळं होतं. सकाळी पुसलं तरी संध्याकाळी पुन्हा. वाळत घातलेले पापड आत आणावे लागतात. तो कोळसा घाट चढून पोलादाच्या भट्ट्यांत जातो, आणि इकडे आपण धुराड्यातला न दिसणारा वायू कसा पकडायचा ते बोलतोय. आधी ताडपत्री नीट घाला म्हणावं.

यांचे मोठे प्रकल्प बघा. टेक्सासचा पेट्रा नोव्हा २०१७ ला सुरू झाला. पकडलेला सीओटू तेलविहिरीत दाबून आणखी तेल काढायचं. २०२० मध्ये तेल स्वस्त झालं, बंद पडला. २०२३ मध्ये पुन्हा चालू केला. ऑस्ट्रेलियाचा गॉर्गन वायू प्रकल्प, वायूसोबत निघणाऱ्या सीओटूतला ८० टक्के पुरायचं ठरलेलं, त्याच्या जवळपासही धड पोचला नाही. सगळ्या जगात मिळून वर्षाला पकडतात पाच कोटी टनांच्या आसपास, आणि सोडतात ३७०० कोटी. पकडलेल्यातलाही मोठा हिस्सा तेल काढायलाच जातो.

मिसिसिपीत सटार्शिया नावाचं गाव आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सीओटूची पाइपलाइन फुटली. गाड्यांची इंजिनं बंद पडली, लोक रस्त्यात भोवळ येऊन पडले, ४५ जणांना इस्पितळात न्यावं लागलं. सोडावॉटरनी सांगितलं ते सेलरमध्ये झालं, हे गावभर झालं. उद्या अशी पाइपलाइन आमच्या दारातून नेणार असतील तर मला आधी कळलेलं बरं.

---

मांडवीकाठ

वास्को_७७, ताडपत्रीबद्दल शंभर टक्के. आकडेही बरोबर आहेत. कोळशाच्या विजेला हे जोडण्यापेक्षा ती वीज दुसरीकडून काढणं आज स्वस्त पडतं, असं माझंही मत.

पण सिमेंटचं काय करणार? एक टन क्लिंकर, म्हणजे दळण्याआधीचं सिमेंट, भाजताना अर्धा टनाहून जास्त सीओटू नुसत्या चुनखडीतून सुटतो. भट्टी सौर विजेवर चालवा, शेणाच्या गोवऱ्यांवर चालवा, तो सुटणारच. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्याने २०२५ मध्ये वर्षाला चार लाख टन पकडायचा संच सुरू केला. तो सीओटू जहाजाने नेतात, मग पाइपने समुद्राखाली अडीच किलोमीटरहून खोल सोडतात. गोव्यातला प्रत्येक फ्लॅट बाहेरून आलेल्या सिमेंटवर उभा आहे, आणि फ्लॅट तर थांबायचं नाव घेत नाहीत. त्यामुळे हे तंत्र सिमेंटसाठी राखून ठेवावं, कोळशाच्या केंद्रांचं आयुष्य वाढवायला वापरू नये.

---

दुर्भाटचो

मोठ्या यंत्रांचं झालं असेल तर आमच्या चिखलाचं बोलू का?

आमचं खाजन आहे झुआरीच्या काठाला. बांध आणि मानस (पाण्याची दारं) सांभाळायचे, मिठाचं पाणी आत येऊ द्यायचं नाही, पावसात कोरगूट भात लावायचं. खनिजाच्या बार्जी जाताना लाटा आपटून बांध खचला, दुरुस्तीची फाइल फिरत राहिली, शेवटी फुटला. आता आत खारं पाणी आणि डोक्याच्या वर कांदळवन. ते तोडायला परवानगी नाही. मध्ये एक जण आला, म्हणाला, "काका, तुमच्याकडे ब्लू कार्बन आहे, म्हणजे कांदळवनात साठलेला कार्बन, क्रेडिट मिळतील." मी विचारलं कोणाला. खाजन गावकऱ्यांचं, कुळं वेगळी, मानसीची मासळी लिलावाने जाते ती तिसऱ्याची. तो वहीत काहीतरी लिहून गेला तो परत आला नाही.

मला खरंच जाणून घ्यायचं आहे, भात चांगलं की कांदळवन चांगलं? म्हणजे त्या कार्बनच्या हिशोबाने.

---

दर्यावर्दी

दुर्भाटचो, नुसत्या कार्बनच्या हिशोबाने कांदळवन वरचढ. लाकडापेक्षा खालच्या चिखलामुळे. त्या काळ्या चिखलात ऑक्सिजन जात नाही, म्हणून मुळं-पानं कुजायला फार वेळ लागतो आणि कार्बन शतकानुशतकं राहू शकतो. खाऱ्या पाण्यात सल्फेट असतं, त्यामुळे मिथेनही कमी होतो. गोड्या पाण्याच्या भातशेतीत तो जास्त होतो, तुमच्या किंचित खाऱ्या खाजनात त्या मानाने कमी.

पण चिखल जागेवर राहिला तरच. तो उकरला, भराव घातला, निचरा केला, की साठलेलं हवेत जातं. आणि बांध फुटून आपोआप आलेल्या कांदळवनाला कोणी क्रेडिट देईल का, हा वेगळाच वाद, कारण 'आम्ही लावलं म्हणून आलं' हे तिथे दाखवावं लागतं. तुम्ही भात सोडून कार्बन राखा असं मी म्हणणार नाही. बांधाच्या बाहेरच्या अंगाला कांदळवनाची पट्टी आणि आत भात, ही जुनी मांडणीच मला सगळ्यात शहाणी वाटते. बाहेरची झाडं लाटही अडवतात.

---

खतवाले_काका

शेतीचं निघालंच आहे तर जांभादगड मास्तरांना एक विचारतो. बेसॉल्टची भुकटी शेतात टाकून कार्बन धरतात असं ऐकलं. क्रशरची डस्ट आणून माझ्या माडांना घातली तर?

---

जांभादगड

काका, कल्पना खरी आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेला सीओटू बेसॉल्टच्या भुकटीशी बायकार्बोनेट बनवतो आणि ते नदीवाटे समुद्रात जातं, हजारो वर्षांसाठी. माती कार्बन या कंपनीला भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांसोबतच्या याच कामासाठी २०२५ मध्ये एक्सप्राइझ या स्पर्धेचं पाच कोटी डॉलरचं बक्षीस मिळालं. ऊन, मोठा पाऊस, आम्लधर्मी माती, गोव्यात तिन्ही आहे.

पण तुमच्या जवळच्या क्रशरवर बेसॉल्ट असेलच असं नाही. ग्रॅनाइट-नाइसची डस्ट घातलीत तर माडाला नुसती वाळू. शिवाय युरिया, अमोनियम खतं जास्त पडत असतील तर त्यांतून होणारं नायट्रिक आम्लच भुकटी झिजवतं, सीओटूच्या वाट्याला काही येत नाही. आणि भुकटी घाटावरून ट्रकने आणायची तर डिझेल धरा. आधी एक मूठ दगड मला पाठवा, बघून सांगतो.

---

कोर्टकचेरी

कायद्याचं एक राहिलं. पुरलेला वायू पन्नास वर्षांनी गळला तर जबाबदार कोण? युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात हे लिहिलेलं आहे: विहीर बंद केल्यावर साधारण किमान वीस वर्षं कंपनी जबाबदार, वायू स्थिर झाल्याचं दाखवलं की मग सरकारकडे, आणि देखरेखीचे पैसे कंपनीने आधी भरायचे. आपल्याकडे नीती आयोगाचा २०२२ चा सीसीयूएस (कार्बन पकडणं, वापरणं, पुरणं) अहवाल आहे, २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टनांची क्षमता वगैरे. खाणी सोडून गेलेल्यांचे डंप आज कोण सांभाळतंय ते डिचोलीच्या लोकांना विचारा, आणि मग हे कलम कराराच्या पहिल्या पानावर घाला.

---

वास्को_७७

+१. याचा वेगळा धागा काढा वकीलसाहेब.

---

अपर्णा_डिचोली

सगळ्यांचे आभार, मुलांना कोयना आणि लोहाफेक्स दोन्ही सांगणार. सोडावॉटर, एक विनंती होती. तो फुगा आणि द्रवरूप टाकी मुलांना दाखवता येईल का? पुस्तकातल्या आकृतीपेक्षा बरं.

---

सोडावॉटर

बाय, शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, एचआरशी बोलतो. एका वेळी पंधरा मुलं, बंद बूट, केस बांधलेले. फुगा, कंप्रेसर, टाकी बाहेरून बघायची, टाकीच्या पाइपवर बर्फ धरलेला असतो तो मुलांना आवडेल. सेलरमध्ये कोणीही उतरायचं नाही, तुम्हीसुद्धा. गणपतीनंतरचा आठवडा धरा, तेव्हा लोड कमी असतो. नववीच्या मुलांना बिअरच्या कारखान्यात का नेलं म्हणून पालक सभेत विचारतील, ते तुमचं तुम्ही बघा.